निळ्या ठिपक्याची फुशारकी

ज्याला ठाऊक नाही त्याने 'मला ठाऊक नाही' असे सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. माणसांपाशी ती करण्याची पाळी आमच्या नारायण पेठेत तरी सहसा येत नाही. येथला मनुष्य पत्ता विचारणाऱ्याकडे नखशिखांत पाहील, 'समोर पाटी आहे, ती वाचता येत नाही का?' असेही विचारील. पण खरोखरच ठाऊक नसेल तर 'पुढे विचारा' म्हणून मोकळा होईल. माझे भांडण आहे ते तुमच्याआमच्या खिशात बसलेल्या जीपीएसशी. फोनवर नकाशा उघडला की निळा ठिपका होऊन तो प्रकट होतो आणि 'तू येथे आहेस' असे सांगतो. बरोबर सांगतो तेव्हाही तोच ठिपका, चुकीचे सांगतो तेव्हाही तोच. 'पुढे विचारा' हे दोन शब्द त्याच्या भाषेत नाहीत.

वाचक म्हणतील, ऐन दिवाळीत हे काय रडगाणे! फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसाला उपग्रहांशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते कसे हे कळण्यासाठी गेल्या श्रावणातली एक पहाट सांगितली पाहिजे.

साडेचार वाजले असतील. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू स्वयंपाकघरात पडल्या. काका दार ठोठावत आले तेव्हा त्यांच्या हाताला कंप सुटला होता. आम्ही जाऊन पाहिले तो काकूंचे तोंड एका बाजूला ओढले गेलेले, उजवा हात लुळा, आणि बोलायला जावे तर शब्द फुटत नाही. माझा भाचा माझ्याकडेच राहतो. त्याने तत्काळ रुग्णवाहिका बोलावली. चालकाने पत्ता विचारला नाही. 'लोकेशन पाठवा' म्हणाला. पाठवले. सात मिनिटांत त्याचा फोन : "पोचलोय, पेशंटला खाली आणा."

आम्ही खाली उतरलो. बोळात एक मांजर आणि दिव्याचा खांब, यांखेरीज कोणी नाही.

"अहो, कुठे आहात?"

"तुमच्या दारातच उभा आहे!"

"दारात तर आम्ही उभे आहोत!"

हे संभाषण तीनदा झाले. भाचा पुन्हा पुन्हा लोकेशन पाठवी आणि ते पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन पडे. मग भिंतीपलीकडे इंजिनाची घरघर ऐकू आली तेव्हा उलगडा झाला. आमच्या इमारतीची पाठ पलीकडच्या बोळातल्या इमारतीच्या पाठीला लागून आहे, मध्ये एक भिंत. ठिपका त्या बोळात पडला होता. सरळ मोजले तर अंतर पंचवीस-तीस पावले. पण गाडीला यायचे तर बोळातून मागे मागे घेत मोठ्या रस्त्याला लागायचे, तो एकेरी, शिवाय त्या आठवड्यात खणलेला. शेवटी कोपऱ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडत बसलेला एक पोरगा धावत गेला, गाडीत चालकाशेजारी बसला आणि तिला दारात घेऊन आला. माझ्या घड्याळाप्रमाणे या साऱ्यात सतरा मिनिटे गेली.

त्या सतरा मिनिटांनी काय बिघडले हे डॉक्टरांनी सांगितले नाही. ठाऊक नसलेली गोष्ट ठामपणे सांगण्यावरच माझे भांडण असल्यामुळे मीही सांगत नाही. पण तेव्हापासून हा ठिपका माझ्या डोळ्यांत सलतो आहे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात जी बैठक भरली तीत 'जीपीएस म्हणजे शुद्ध थोतांड' असा ठराव जवळजवळ एकमताने पास झाला. त्या ठरावाला माझा विरोध आहे, आणि तो येथे नोंदवून ठेवतो. थोतांड म्हणावे अशी ती वस्तू मुळीच नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसेक उपग्रह दिवसातून दोन प्रदक्षिणा घालीत असतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ असते, आणि प्रत्येक जण अखंड एवढेच सांगत असतो : मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. संदेश धावतो प्रकाशाच्या वेगाने, तेव्हा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली तरी ३०० मीटरांचा फरक पडावा! फोनमधले घड्याळ काही अणुघड्याळ नव्हे. म्हणून तीन उपग्रहांवर न भागता चौथा लागतो, तो फोनच्या घड्याळाचा कान धरण्यासाठी. वर आइन्स्टाइनचा हिशेब आहेच. इतक्या उंचीवर आणि इतक्या वेगात घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते, आणि त्याची वजावट केली नाही तर दिवसभरात दहा-अकरा किलोमीटरांची चूक साचेल. ही सगळी आकडेमोड नखाएवढी चकती करते, आणि ज्या संदेशावर करते तो पृथ्वीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की हवेतल्या गोंगाटाखालून तो उकरून काढावा लागतो.

ही यंत्रणा १९९५ साली पुरी झाली. पुढची पाच वर्षे अमेरिकी सरकार सामान्यांसाठी तिच्यात मुद्दाम चूक घालीत असे. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ती मिसळ बंद केली आणि शंभर मीटरांच्या घरातली चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. तेव्हा ज्यांनी हे घडवले त्यांना माझा साष्टांग नमस्कार. भांडण आहे ते त्यांचा आकडा आपल्यापर्यंत आणून पोचवणाऱ्यांशी.

त्याआधी एक गफलत दूर केली पाहिजे. ठिपका वेगळा आणि नकाशा वेगळा, हे आपण विसरतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेच्या पुराने तोडलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे जण गेले. दोन्ही वेळा 'जीपीएसने घात केला' अशी ओरड झाली. ठिपक्याचा त्यात अपराध नव्हता. पूल उरलेला नाही हे नकाशाला कोणी सांगितले नव्हते, आणि रस्त्यावर आडवे काही घालून ठेवायला हवे होते ते जमिनीवरच्या माणसांनी नीट घातले नव्हते. तो खटला निराळा आहे आणि त्याचे आरोपी निराळे आहेत. आमच्या बोळात मात्र नकाशा बरोबर होता, रस्ते बरोबर होते, इमारत बरोबर होती. चुकला तो ठिपका.

तो का चुकला? अमेरिकी सरकारच स्वच्छ सांगते की फोनमधला जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारणपणे ४.९ मीटर त्रिज्येच्या आत अचूक असतो, आणि इमारती, पूल व झाडे यांच्याजवळ ही अचूकता घटते. जाहिरातीत पहिले अर्धे वाक्य येते. आता तुम्हीच सांगा, आपल्यापैकी उघड्या आकाशाखाली राहते कोण? जे बिचारे राहतात त्यांना लोकेशन कोणी विचारत नाही.

आमचा बोळ बारा फुटांचा. पूर्वी दोन्ही अंगांना दुमजली वाडे होते; आता पाच-पाच मजल्यांच्या इमारती आहेत. वर पाहिले तर आकाश धोतराच्या काठाएवढे दिसते. त्या पट्टीत जे एकदोन उपग्रह असतील ते फोनला सरळ दिसतात; बाकीच्यांचे संदेश समोरच्या भिंतीवर आपटून येतात. आपटून येणारा संदेश लांबच्या वाटेने येतो, फोनला ते उमगत नाही, तो समजतो उपग्रहच लांब आहे, आणि त्या हिशेबाने आपल्याला उचलून पलीकडच्या बोळात नेऊन ठेवतो. जमीन मोजणाऱ्यांच्या यंत्रावर जो मोठा अँटेना असतो त्याला असे आपटून आलेले संदेश बरेचसे ओळखता येतात. कारण उपग्रहाच्या लहरींना उजवा पीळ असतो आणि भिंतीवर आपटल्यावर तो बहुधा डावा होतो. फोनमधल्या चिमुकल्या अँटेनाला डावेउजवे कळत नाही. तो सगळ्यांनाच घरात घेतो. काकूंच्या स्वयंपाकघरात तर वर चार स्लॅब. तेथे उपग्रह जवळजवळ नाहीतच. मग फोन आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो. एखाद्या शेजाऱ्याने बिऱ्हाड हलवले आणि राउटर बरोबर नेला तर थोडे दिवस आपणही त्याच्यामागे कोथरूडला राहायला जायचे!

हे सारे क्षम्य आहे. भिंतीला भिंत म्हणण्यात कमीपणा नाही. अक्षम्य आहे ते पुढेच.

फोनला स्वतःची चूक साधारण किती आहे हे ठाऊक असते. ही गोष्ट मला भाच्याने सांगितली. तो या धंद्यातलाच आहे. प्रत्येक ठिपक्याबरोबर फोन आपल्या चुकीचा अंदाज मीटरांत काढतो, आणि नकाशावर ठिपक्याभोवती जे फिकट निळे वर्तुळ कधी कधी दिसते ते त्याच अंदाजाचे. मी म्हटले, "म्हणजे आपण त्या वर्तुळात कुठेतरी असतो."

"बहुधा असतो," भाचा म्हणाला. "अँड्रॉइडच्या कागदपत्रांत लिहिले आहे, अडुसष्ट टक्के."

"आणि बाकीचे बत्तीस?"

"वर्तुळाच्या बाहेर, मामा."

शंभरात बत्तीस वेळा आपण वर्तुळाबाहेर असू, हे ज्याने आधीच लिहून ठेवले आहे, त्याने निदान ते वर्तुळ तरी ठळक काढावे! पण ते इतके फिके असते की चाळिशी लावल्यावाचून दिसत नाही, आणि गाड्या बोलावण्याच्या, जेवण मागवण्याच्या ॲपांत बहुधा काढलेलेच नसते. आम्ही ज्या ॲपातून चालकाला लोकेशन पाठवले त्यात पाठवणाऱ्याच्या पडद्यावर बारीक अक्षरांत 'इतक्या मीटरपर्यंत अचूक' असे येते. भाच्याने मागाहून काकूंच्या स्वयंपाकघरात उभे राहून पाहिले, तर आकडा आला चाळीस. चाळीस मीटरपर्यंत अचूक! शिंप्याने दोन वितींपर्यंत अचूक माप घेतले असे म्हणण्यासारखे झाले. आणि हा बारीक अक्षरांतला कबुलीजबाबसुद्धा चालकापर्यंत जात नाही. त्याच्याकडे जाते ती नुसती लाल टाचणी, टोकदार, नेमकी, नि:शंक. टाचणीऐवजी चाळीस मीटरांचे भोंगळ वर्तुळ त्याला दिसले असते, तर त्यात दोन बोळ आले असते आणि त्याने तोंडाने विचारले असते : "इमारतीचे नाव काय? जवळ काय आहे?"

दुसरी लबाडी चालत्या गाडीतली. गाडी चालवताना ठिपका रस्त्याच्या मधोमध कसा सुरेख सरकतो पाहा! तो आपसूक तेथे नसतो. तो रस्त्याच्या कडेला, नाल्यात, कोणाच्या परसात असा भरकटत असतो. ॲप त्याला ओढून जवळच्या रस्त्यावर बसवते. बहुतेक वेळा हे सोयीचे असते. पण जवळजवळ दोन रस्ते असले की चुकीच्या रस्त्यावरही तो तितक्याच दिमाखात बसतो. मुंबईत महंमद अली रोडवरून जाताना आपण जे. जे. उड्डाणपुलावर आहोत की खाली, हे त्याला नीट सांगता येत नाही. अक्षांश-रेखांश दोन्हीकडे तेच, आणि उंचीच्या बाबतीत जीपीएस आणखी कच्चा, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायांखाली एकही नसतो. तरी पडद्यावर घालमेल म्हणून दिसायची नाही.

भाचा म्हणतो, "मामा, तू जुन्या फोनचे बोलतोस. २०१८ पासून दोन लहरींवर ऐकणारे फोन निघाले आहेत, त्यांना आपटून आलेला संदेश पुष्कळ बरा ओळखता येतो. आपला नाविकही आहे." खरे आहे. नाविकचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. पुढे परदेशातून घेतलेल्या काही घड्याळांनी दगा दिला. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह वर गेला. जानेवारी २०२५ चा मात्र नेमलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. या खटपटीला यश येवो. आकाशात जितके डोळे अधिक तितके बरे. पण चाळीसाचे वीस झाले, वीसाचे दहा झाले, तरी दहा मीटरांत आमच्या पेठेत दोन जिने, एक पिठाची गिरणी आणि एक मारुती बसतो. चूक कमी करा, अवश्य करा. जी उरेल ती लपवू नका.

आणि आता सरकारही याच नादी लागले आहे. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे दूरसंवेदन केंद्र यांच्या साह्याने डिजिपिन आणला. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद असे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत द्यायचा. गणित चोख आहे. उपग्रहातून काढलेल्या चित्रावर आपले छप्पर ओळखून त्यावर बोट ठेवून संकेत काढला तर तो बरोबर येईल. पण लोक काय करणार? घरात उभे राहून बटण दाबणार. चाळीस मीटर डळमळणाऱ्या हाताने चार मीटरांच्या चौकोनात शिक्का मारायचा, आणि तो आपला पत्ता म्हणून जन्मभर मिरवायचा! शिवाय संकेतात मजला नाही. एकावर एक चार बिऱ्हाडे असली तर चौघांचा संकेत एकच.

या ठिकाणी श्रीराम भिकाजी वेलणकरांची आठवण होते. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपण जो सहा आकडी पिनकोड लिहितो तो त्यांचा. त्या सहा आकड्यांचा विनय पाहा. ते टपाल कचेरीपर्यंत नेतात आणि तेथे नमस्कार करून बाजूला होतात. पुढचे काम पोस्टमनचे, घरक्रमांकाचे आणि 'पासोड्या विठोबाजवळ' किंवा 'खुन्या मुरलीधरामागे' या ओळीचे. या देवांच्या नावांना परगावचे लोक हसतात, हसोत. ते देव तीस पावले सरकलेले कोणी पाहिले आहेत काय?

मोजणाऱ्याचा एक धर्म असतो. विल्यम लँबटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला आणि ते काम उत्तरेकडे आणता आणता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला देह ठेवला. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी केलेले ते काम होते, त्याची आरती मी करीत नाही. पण त्या मंडळींची एक रीत होती. त्रिकोणांची रांग पुष्कळ लांब गेली की पुन्हा जमिनीवर प्रत्यक्ष माप घ्यायचे, ते गणिताने आलेल्या उत्तराशी ताडायचे, आणि फरक पडला तर तो लिहून ठेवायचा. चूक लिहिलेली नसेल तर मोजमापाला मोजमाप म्हणत नसत. दोनशे वर्षांनी आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी भारी यंत्र खिशात घालून हिंडतो, आणि चुकीचा रकाना मात्र फिकट निळ्या रंगात बुडवून टाकतो. का, तर गिऱ्हाइकाचा विश्वास डळमळेल!

भाच्याने ॲपवाल्यांना पत्र धाडले. वर्तुळ ठळक काढा, घेणाऱ्यालाही दाखवा, आणि रुग्णवाहिकेसारख्या बाबतीत चूक वीस मीटरांहून अधिक असेल तर 'पत्ता तोंडी विचारा' असे चालकाच्या पडद्यावर लिहा, एवढेच त्यात होते. पाच दिवसांनी उत्तर आले : आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, अचूकता वाढवण्यासाठी फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढावा. आठचा आकडा काढतात तो फोनमधल्या होकायंत्रासाठी, दिशा सुधारावी म्हणून. जागेशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. पण त्यानेही ठामपणे सांगितले.

आमच्याही पदरात माप घातले पाहिजे. आमच्या इमारतीवर विकासकाच्या नावाची हातभर अक्षरे आहेत आणि घरक्रमांक कोठेच नाही. बोळाच्या तोंडाशी पूर्वी निळी पाटी होती, ती केव्हा गेली हे कोणालाही सांगता आले नाही. त्या पहाटे चालकाने विचारले असते, तर 'मोठ्या रस्त्यावरून दुसरा बोळ, डाव्या हाताला गिरणी' एवढे सरळ वाक्य आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघाले असते की नाही, याची मला शंका आहे. लोकेशन पाठवून पाठवून आम्ही रस्ता सांगायला विसरलो आहोत. भाच्याला मी विचारले, आपल्या घरी यायचे तर कसे सांगशील? तो सवयीने फोन काढू लागला.

सभा भरली. दारावर क्रमांक, त्यावर रात्रभर जळणारा दिवा आणि बोळाच्या तोंडाशी बाण असलेली पाटी, असा खर्च मंजूर झाला. दिव्याच्या विजेचे बिल कोणी भरायचे यावर दीड तास वाद झाला तो येथे देत नाही. कोपऱ्यावरच्या त्या पोराला काकांनी दिवाळीचा सदरा घेतला आहे.

काकू घरी आल्या आहेत. बोलणे बरेच सुधारले, काठी धरून दारापर्यंत येतात. उजव्या हाताला अजून जोर नाही, सोऱ्या दाबला जात नाही. यंदा चकल्या काका पाडतात आणि काकू खुर्चीवर बसून, एक एक शब्द जुळवीत, पीठ घट्ट झाले आहे असे त्यांना सांगतात.